बुर्गीच्या मागून

इनरमाड गावाच्या वरच्या टोकाला, शेवटच्या गोठ्यापाशी रस्ता संपतो, तिथे गाड्या लावायला एक मोकळी जागा आहे. बर्फ पडून गेल्यावर सकाळी तिथे जाऊन बघा. आठ-दहा गाड्या उभ्या असतात. टपावर स्की बांधलेल्या, काचांवर वाफ धरलेली, आत माणसं चहा पीत बसलेली. आणि खाली कुणी उतरत नाही. मग एका बाजूने चेपलेली एक लाल गाडी खडखडत येते. तिच्यातून बुर्गी उतरते, चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चढाच्या पट्ट्या चिकटवते, कुणाकडे न बघता काठ्या उचलते आणि चालायला लागते. ती पहिल्या झाडांत दिसेनाशी झाली रे झाली, की सगळ्या गाड्यांची दारं धडाधड उघडतात.

"मेंढरं!" बुर्गी पुटपुटते. "मेंढरं बरी म्हणायची. ती निदान मधे थांबून गवत तरी हुंगतात."

बाप्तिस्म्याचं नाव नोटबुर्गा माडर, पण तसं तिला फक्त पाद्री हाक मारतो. जन्मभर तिने खोऱ्यातला दुधाचा टँकर चालवला. पहाटे गोठ्यागोठ्यांतून दूध घ्यायचं, खाली डेअरीत ओतायचं आणि दिवस उजाडता उजाडता मोकळं व्हायचं. बाकीचं जग न्याहारीला बसायचं तेव्हा ही स्की घालून डोंगरात. नवरा होता, तो खालच्या गावातल्या टायरवाल्या बाईबरोबर निघून गेला. त्यावर बुर्गी एवढंच म्हणाली, की बरं झालं, त्याला चढावर बडबडायची सवय होती. आता टँकरही सुटला, पण पहाटे उठायचं काही सुटलं नाही.

ताज्या बर्फात पहिली वाट पाडणं हे कष्टाचं काम. गुडघाभर बर्फ स्कीने तुडवत जायचं, मागून येणाऱ्याला मग आयती चाकोरी मिळते. आणि बुर्गीची वाट म्हणजे विचारूच नका! पोरंसोरं ताकद दाखवायला भिंतीसारखी उभी वाट काढतात. हिची वाट सावकाश, लांब वळणं घेत, कुठे दम लागू न देता वर जाते. सत्तरीची म्हातारीसुद्धा तिच्यावरून गप्पा मारत चढेल. सगळी चढतातच. दुःख तेच होतं.

कारण बुर्गीला डोंगराची भीती वाटायची, आणि ते ती उघड सांगायची. दर शंभर पावलांवर ती थांबे. काठी उलटी करून बर्फात खुपसे, वरचा थर कडक आणि खालचा भुसभुशीत लागतोय का ते हाताने अजमावे. वाऱ्याने बर्फ कुठून उचलून कुठे नेऊन टाकलाय ते बघे. एवढं करूनही शंका आली तर ती सरळ परत फिरायची. मागून येणाऱ्यांना यातलं काय दिसे? फक्त चाकोरी. चाकोरीवर लिहिलेलं नसतं, की ही बाई इथे किती घाबरली होती.

"मी एकटी, गारठ्यात, हलक्या पावलांनी गेले," ती गावच्या खानावळीत टेबलावर मूठ आपटून सांगायची. "म्हणून तुम्ही पंधरा जणांनी भर उन्हात, एकमेकांच्या शेपट्या धरून त्याच उतारावर जायचं? ज्या बर्फाने मला पेललं तो तुमची वरात पेलेल असं त्याने तुम्हाला सांगितलंय का?"

"अगं, पण तू गेलीस म्हणजे ठीकच असणार ना," लोक म्हणायचे, आणि तिच्यासाठी कडक श्नाप्सचा पेला मागवायचे. काय करायचं सांगा अशा लोकांचं!

परके लोक एक वेळ सोडा. पण या मेंढरांत सगळ्यात पुढचं मेंढरू म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ रोमेड. बारा गाई, एक चिडका ट्रॅक्टर आणि क्रेसेन्झ नावाची गरीब स्वभावाची बायको, एवढा त्याचा संसार. गाईंचं उरकलं की हा निघालाच बहिणीच्या मागून. गावात इतरांनी निदान अंगावर बीपर तरी बांधलेला असे. बीपर म्हणजे मुठीएवढं यंत्र, छातीशी बांधायचं. बर्फाखाली गाडला गेलात तर ते आवाज देत राहतं आणि दुसऱ्याच्या यंत्रावर तुमचा पत्ता लागतो. रोमेडला त्याच्या नामदिनाला, त्याच्या नावाच्या संताच्या सणाला, बुर्गीने स्वतः असा बीपर घेऊन दिला. त्याने तो स्वयंपाकघरातल्या खणात, सुतळी आणि जुन्या बुचांच्या शेजारी नेऊन ठेवला.

"मी तुझ्या मागून चालतो. मला तो भोंगा कशाला?"

"मी चुकले तर?"

"तू कधी चुकतेस?"

"अरे मेल्या, चुकले असते तर तुला सांगायला आले असते का?"

रोमेड हसायचा. त्याला हे बहिणीचं कौतुकच वाटायचं. बाकी कुणी तिच्या भरवशावर मेलं तर ती हळहळली असती. हा मेला तर ती संपलीच असती. आणि ह्या दगडाला ते सांगून कळत नव्हतं. एकदा तरी त्याने आपल्या डोळ्यांनी उतार बघावा, आपल्या डोक्याने ठरवावं, एवढंच तिचं मागणं होतं. त्यासाठी तिने रक्त आटवलं. सुरीने बर्फ कापून आतले थर दाखवले, तर हा म्हणाला, "केकसारखं दिसतंय."

मग एका वर्षी रोमेडच्या नामदिनाला ती पाहुण्यांच्या देखत स्वयंपाकघरात गेली, खण उपसला, बीपरमध्ये नव्या बॅटऱ्या घातल्या आणि केकवर सुरी धरून उभ्या असलेल्या भावाच्या छातीवर तो आवळून बांधला. पाहुणे खो खो हसले. "आता हा उतरवलास," ती म्हणाली, "तर मी आयुष्यात पुन्हा तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही." क्रेसेन्झने पदरात हसू दाबलं असतं, पण तिने एप्रन घातला होता, म्हणून तिने तो तोंडाला लावला.

नामदिनानंतर तीन दिवस बर्फ पडला आणि चौथ्या रात्री वारा सुटला. सकाळी रेडिओवर सांगितलं, हिमकडे कोसळण्याचा धोका तीन. एक ते पाच असा तो आकडा असतो. एकच्या दिवशी लोक बेफिकीर, चारला घरात. आणि तीनला? तीन म्हणजे मधला, आणि मधला म्हणजे चालतंय, असा आमच्या खोऱ्याचा हिशेब. सगळ्यात जास्त माणसं याच तीनने खाल्लीत, पण सांगतो कोण, ऐकतो कोण!

बुर्गी निघाली ती फक्त जंगल संपेपर्यंत जायचं ठरवून. उन्हाळ्यात गुरं राखायला जिथे जातात ती वरची झोपडी ओलांडली, झाडं संपली, आणि रोटकारच्या कडेशी ती आली. रोटकार म्हणजे डोंगराच्या कुशीतला मोठा वाडगा. त्याच्या उजव्या उतारावरून शिखरावरच्या क्रूसाकडे जातात. रात्रभर वाऱ्याने त्याच उतारावर बर्फ आणून थापला होता. तिने कडेवर एक पाऊल टाकलं आणि पायाखालून आवाज आला, हुंम्म. सगळी जमीन एकदम इंचभर खाली बसावी तसा. खालचा कच्चा थर मोडला की असा आवाज येतो. बुर्गी तिथेच वळली.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. चढायची वाट ही सगळ्यांची. उतरताना तिच्यावरून घसरत जाऊन ती मोडायची नाही, हे आम्हाला चालायला यायच्या आधी शिकवतात. कुणी तसं केलं तर वरून शिव्या पडतात, बाप काढला जातो. बुर्गीही त्याच संस्कारात वाढलेली. ती शेजारच्या दाट झाडीतून उतरली, झोपडीच्या मागच्या बाकावर येऊन बसली आणि श्पेकचा, म्हणजे धुरावर सुकवलेल्या डुकराच्या मांसाचा, तुकडा कापायला घेतला. तिची ती देखणी, सरळ, न मोडलेली वाट मागे रोटकारच्या कडेपर्यंत तशीच राहिली. वळल्याची खूण होती ती वाऱ्याने भरून टाकली.

रोमेड गाईंचं उरकून उशिरा आला. कामाचा वार, त्यामुळे खाली फक्त बहिणीची गाडी दिसली. वाट दिसली. तो शीळ घालत चढला. झोपडीच्या अलीकडून वाट जाते, मागच्या बाकावरची बुर्गी त्याला दिसली नाही, तोही तिला दिसला नाही. रोटकारच्या कडेवर चाकोरी अचानक संपली. एखादा थांबला असता. रोमेडला वाटलं, वाऱ्याने पुढची बुजलेली दिसतेय, बुर्गी केव्हाच वर पोचली असणार. आणि तो उतारावर शिरला.

बुर्गीला आधी आवाज ऐकू आला नाही, झाडांवरचा बर्फ थरारलेला दिसला. मग वरून पांढरा धूर उठला.

"येशू मारिया!" ती उठली ती सुरी तिथेच टाकून.

खालून वाटेने गावचा बेकर कास्सिआन वर येत होता, त्याला तिने ओरडून बोलावलं. दोघं कडेवर पोचली तेव्हा रोटकारचा अर्धा उतार तळाशी ढेकळांच्या राशीसारखा येऊन पडला होता. एक स्की उभी अडकलेली. जुनी, निळी, टोकाला तारेने दुरुस्त केलेली. ती कुणाची, हे विचारायला लागलं नाही. बुर्गीने वरती नजर टाकली, आणखी काही सुटायचं उरलं नाही हे बघितलं, आपला बीपर शोधावर लावला. त्याने तो उतरवून ठेवला असेल का? खणात, बुचांशेजारी?

यंत्र बोललं.

बुर्गी रांगत त्या आवाजामागे गेली. आकडा कमी होत गेला. कास्सिआनने लांब काठी खुपसली, पुन्हा खुपसली, आणि ती दगडावर नाही, मातीवर नाही, कसल्या तरी मऊ वस्तूवर थांबली. दोघांनी उताराच्या खालच्या बाजूने फावड्यांनी उकरायला घेतलं. कास्सिआन देवाचं नाव घेत होता, बुर्गी शिव्या देत होती. आधी हात दिसला, मग चेहरा. निळा पडलेला. तिने तोंडातला बर्फ बोटाने काढला, गालावर दोन लगावल्या. रोमेडने खरखरत श्वास ओढला, डोळे उघडले, बहिणीकडे बघितलं आणि म्हणाला,

"वाट तर तुझीच होती ना गं?"

बुर्गी त्याच्या छातीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. मग रागाने ओरडायला लागली. कास्सिआन म्हणतो, ती नक्की कोणत्या क्षणाला एकातून दुसऱ्यात गेली ते त्याला कळलंच नाही.

बरगड्या मोडल्या होत्या, गुडघा फिरला होता. हॉस्पिटलातून घरी आला तोपर्यंत बुर्गीला आशा होती, की निदान आता तरी ह्याच्या डोक्यात उजेड पडेल. कुबड्या टेकत रोमेड खानावळीत गेला आणि छाती फुगवून सांगू लागला, "डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बाहेर काढला मला! बुर्गी डोंगरात असली ना, की माणूस मरत नाही."

पुढच्या बर्फाला गोठ्यापाशी गाड्या दुप्पट झाल्या. खालच्या शहरातूनही लोक यायला लागले. "बाई, तुम्ही आज वर जाणार का?" एक दाढीवाला दात विचकून विचारायचा. आमच्याकडे वाटेवरचं गुरांचं फाटक ओलांडेपर्यंत अहो-जाहो, त्याच्या वर सगळ्यांना तू. फाटक ओलांडलं की तोच म्हणायचा, "बुर्गी, तू जरा लवकर निघत जा ना. ऊन होतं."

बुर्गीने कपाळावर हात मारून घेतला. मग तिने नवीनच सुरू केलं. जिथून परत फिरायची तिथून सरळ आपल्याच वाटेवरून खाली घसरत यायची, स्की आडव्या धरून चाकोरी खरवडत. पन्नास वर्षं जपलेली रीत तिने पायांनी पुसली. गाव खवळलं. कुणी म्हणालं बाईचं डोकं फिरलं, कुणी म्हणालं भाव खातेय. सगळ्यात जास्त कोण बोललं असेल? तो बरगड्या मोडलेला!

"काही लाजलज्जा आहे का तुला?" रोमेड कुबडी आपटत ओरडला. "वाट मोडतेस? बाप असता तर त्याने तुला गोठ्यात कोंडलं असतं!"

"बाप असता तर त्याने आधी तुला कोंडलं असतं, गाईंच्या मधे. त्यांच्याकडून चार गोष्टी शिकला असतास."

दोघं ईस्टरपर्यंत बोलली नाहीत. क्रेसेन्झ मधल्या मधे अंडी घेऊन जायची आणि निरोप घेऊन यायची.

पुढचा हिवाळा आला. रोमेडचा गुडघा बरा झाला होता, तो परत गाडीत येऊन बसला. पहिल्या मोठ्या बर्फानंतर लाल गाडी आली, थांबली. दार काही उघडेना. आत बुर्गीने चहा ओतला. काचेवर वाफ धरली. सगळे बघताहेत. बराच वेळ झाला. शेवटी रोमेड उतरला आणि तिच्या काचेवर टकटक केली.

"निघायचं नाही का?"

बुर्गीने काच खाली केली. "निघायचंय ना. तू हो पुढे. मी मागून येते."

"मी?"

"पाय आहेत, डोळे आहेत. डोकंही असेल शोधलं तर."

शेजारच्या गाड्यांमध्ये ही बातमी पसरली, की आज रोमेड वाट पाडणार. दाढीवाल्याने गाडी चालू केली आणि तो सरळ घरी गेला. त्याच्यामागून आणखी तिघे गेले. बुर्गी काचेतून टाळ्या वाजवत ओरडली, "शाबास! आयुष्यात पहिल्यांदा विचार केलात!"

रोमेडचा चेहरा लालबुंद झाला. पण आता माघार घेणं म्हणजे अख्ख्या गावात शोभा. तो निघाला. वाट वेडीवाकडी पाडली, घामाने न्हाला, तीनदा पडला. बुर्गी अंतर ठेवून मागून येत होती. झोपडी गेली, झाडं संपली, आणि रोटकारची कड आली. पलीकडे तो उजवा उतार, गुळगुळीत, पांढरा, उन्हात चमकणारा. रोमेड थांबला.

त्याने काठी उलटी केली आणि बर्फात खुपसली. बहिणीला करताना हजारदा बघितलेलं. खुपसली तर खरी, पण हाताला काय लागलं ते त्याला सांगता येईना. "काय वाटतं तुला?" त्याने मागे न बघता विचारलं.

बुर्गी श्पेक चघळत होती.

"अगं बोल ना! जाऊ का?"

"मला काय विचारतोस? तू पुढे आहेस."

"आणि मी गेलो तर तू येशील?"

"येणार तर. तू गेलास म्हणजे ठीकच असणार. मी कशाला डोकं चालवू?"

रोमेडने वळून पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. पट्टा नीट करून, काठ्या हातात घेऊन ती खरोखर त्याच्या मागे उभी होती, जराशी वाकून, वय झालेली. तो पुन्हा उताराकडे वळला. मग त्याने मोठ्याने एक शिवी दिली. बहिणीला, उताराला, बर्फाला, गुडघ्याला, एकेकाला घेत गेला. शिव्या संपल्यावरही तो तिथेच उभा होता. घाम थंड पडून तो कुडकुडायला लागला. शेवटी त्याने स्की वळवल्या.

"चल खाली," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला भीती वाटतेय."

बुर्गीने घास गिळला.

दोघं झोपडीच्या पुढच्या, वरचा उतार दिसणाऱ्या बाकावर येऊन बसली. रोमेडची नजर उतारावरून हलेना. तो कधी कोसळतोय याची रोमेड वाट बघत होता. तेवढ्यात पलीकडच्या खोऱ्यातून चढून आलेले दोघे अनोळखी जण क्रूसापाशी दिसले, आणि बघता बघता त्याच उतारावरून आरोळ्या ठोकत, बर्फ उडवत खाली गेले. काही झालं नाही. उतार आपला जागच्या जागी.

"बघ!" रोमेड ताडकन उठला. "बघितलंस? काही झालं नाही! पेललं असतं त्याने मला! म्हणजे मी चुकलो?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? बरोबर होतो?"

"तेही माहीत नाही."

"मग कळणार कधी?"

"कधीच नाही," बुर्गी म्हणाली. "तीस वर्षं झाली, परत फिरले त्या एकाही दिवसाचं मला कळलेलं नाही. घरी जायचं, दार आपटायचं आणि झोपायचं."

रोमेडने तिच्याकडे असं बघितलं, की जणू ही बाई त्याला आजच भेटली. मग तो झोपडीच्या भिंतीला लाथ मारायला गेला, गुडघ्याची आठवण झाली, आणि नुसताच पाय आपटून खाली बसला.

उतरायची वेळ झाली तेव्हा त्याने स्की घातल्या. बुर्गी सवयीने झाडीकडे वळत होती. तो वळला नाही. परत रोटकारच्या कडेपर्यंत चढला, तिथे पट्ट्या काढल्या, स्की आडव्या केल्या आणि आपल्या सकाळच्या वेड्यावाकड्या वाटेवरून, ती दोन्ही कडांनी खरवडत, मोडत, पुसत खाली निघाला. फाटकाच्या वर कास्सिआन बेकर चढत येत होता. त्याच्या पायाखालची आयती चाकोरी एकदम संपली.

"अरे ए रोमेड!" तो ओरडला. "वाट का मोडतोस?"

"माझी आहे!" रोमेड न थांबता ओरडला. "तुझी तू पाड!"